बोटीवरची कपॅसिटीची पट्टी: लेकवर जाण्याआधी वाचा

अमेरिकेत पहिला उन्हाळा आला की ग्रुपमध्ये कुणीतरी म्हणतंच, "शनिवारी लेकवर जाऊ, बोट घेऊ." बोट भाड्याची असते, मित्राची असते, नाहीतर हौसेने घेतलेली सेकंडहँड ॲल्युमिनियमची. भाड्याने देणारा बऱ्याचदा पाच-दहा मिनिटं तोंडी माहिती देऊन किल्ली हातात ठेवतो. त्या गडबडीत एक गोष्ट स्वतःहून शोधा. चालवणाऱ्याला बसल्या जागेवरून दिसेल अशी एक पट्टी बोटीत आतून लावलेली असते. बहुधा ती पिवळी असते आणि तिच्यावर 'यू.एस. कोस्ट गार्ड मॅक्झिमम कपॅसिटीज' असं छापलेलं असतं. तिच्यावर दोन-तीनच ओळी असतात, पण नवीन आलेले बहुतेक जण त्या चुकीच्या वाचतात.

१९७१ च्या फेडरल बोट सेफ्टी ॲक्टखाली हा नियम आला. १ नोव्हेंबर १९७२ पासून बनलेल्या, २० फुटांपेक्षा कमी लांबीच्या, एकाच तळाच्या मोटरबोटींना आणि वल्ह्यांच्या साध्या होड्यांना ही पट्टी सक्तीची आहे. शिडाच्या बोटी, कनू, कयाक आणि हवा भरायच्या बोटी यांना सक्ती नाही. पाँटूनला खाली दोन-तीन लांब नळकांडी असतात, त्यामुळे तीही या नियमात बसत नाही. मात्र बऱ्याच पाँटूनवर एनएमएमए या उत्पादकांच्या संघटनेची पट्टी असते. ती याच पद्धतीने वाचायची.

समजा, मागे मोटर टांगलेल्या १४ फुटी बोटीवर असं लिहिलंय: '४ पर्सन्स ऑर ५३० पाउंड्स'. त्याखाली '७५० पाउंड्स, पर्सन्स, मोटर, गिअर'. आणि शेवटी '२० हॉर्सपॉवर, मोटर'.

पहिल्या ओळीतल्या 'ऑर'मुळे सगळा घोळ होतो. चार माणसं किंवा ५३० पाउंड यातलं सोयीचं ते निवडा, असा त्याचा अर्थ नाही. जी मर्यादा आधी गाठली जाईल तिथे थांबायचं. मोठी माणसं असली तर वजनाची मर्यादा जवळजवळ नेहमीच आधी गाठली जाते, कारण माणसांचा आकडा काढायची रीतच तशी आहे. बोटीला पेलणाऱ्या माणसांच्या वजनात ३२ मिळवायचे, १४१ ने भागायचं आणि उत्तर जवळच्या पूर्ण संख्येला न्यायचं. ५३० अधिक ३२ म्हणजे ५६२, भागिले १४१ म्हणजे जवळपास ४. उलट्या बाजूने बघा: चार माणसांत ५३० पाउंड म्हणजे माणशी साधारण १३२ पाउंड, म्हणजे ६० किलो. तुमच्या ग्रुपमधल्या किती पुरुषांचं वजन ६० किलो आहे? प्रवासी बोटींसाठी याच कोस्ट गार्डने २०११ पासून माणशी सरासरी १८५ पाउंड धरायला सुरुवात केली. छोट्या बोटींच्या पट्टीवरचा हिशेब मात्र जुनाच आहे. म्हणून ४ हा आकडा बघून चौघे चढू नका. वजनं विचारा, किलोला २.२ ने गुणा आणि बेरीज करा. वजन विचारायला संकोच वाटतो हे खरं, पण हा संकोच धक्क्यावरच सोडायचा.

लहान मुलं मोजायची का, हा प्रश्न दर वेळी येतो. मोजायची, कडेवरचं बाळसुद्धा. मुलं हलकी म्हणून वजनात बसतही असतील, पण तपासणारा अधिकारी आधी डोकी मोजतो.

दुसऱ्या ओळीतल्या ७५० पाउंडांत माणसं, सामान आणि मोटर, सगळंच येतं. नवीन मंडळी मोटरचं वजन विसरतात, कारण ती बोटीलाच लावलेली दिसते. हिशेब मांडून बघू. २० हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक मोटर सुमारे ११० पाउंड, बॅटरी ४५, सहा गॅलनची सुटी पेट्रोल टाकी भरून ४५ (पेट्रोल गॅलनला सहा पाउंडांच्या आसपास भरतं). झाले २००. उरले ५५०. आता ८० किलोचे तिघे बसले की ५२८ पाउंड, म्हणजे पहिल्या ओळीच्या मर्यादेला टेकलेच. दुसऱ्या ओळीत शिल्लक राहिले २२ पाउंड. त्यात नांगर, दोर, वल्ही, लाइफ जॅकेटं आणि बर्फाने भरलेला कूलर बसवायचा, आणि कूलर एकटाच तेवढा भरतो. थोडक्यात, 'चार माणसांची' म्हणून घेतलेली ही बोट प्रत्यक्षात दोन मोठी माणसं, एक मूल आणि बेताचं सामान यांची आहे. इनबोर्ड म्हणजे आतच इंजिन असलेल्या बोटीच्या पट्टीवर 'मोटर' हा शब्द नसतो. तिथे ही वजावट करायची नाही.

या आकड्यात भरपूर सूट धरलेली असते, असं तुम्हाला कुणीतरी ठामपणे सांगेल. ते अर्धवट खरं आहे. संथ पाण्यात सरळ तरंगणारी बोट काठोकाठ बुडेपर्यंत जेवढा भार घेते, त्यातून बोटीचं स्वतःचं वजन वजा करून उरलेल्याचा जास्तीत जास्त पाचवा हिस्सा पट्टीवर लिहिता येतो. बाकीचे चार हिस्से रिकाम्या जागा नव्हेत. शेजारून जाणाऱ्या मोठ्या बोटीची लाट, वारा, वळण आणि माणसांची हालचाल यांत ते खर्च होतात. शिवाय लहान बोटींची एक आडवी चाचणीही असते. माणसांची क्षमता ५५० पाउंडांखाली असेल तर बसायच्या जागेच्या एका कडेला वजनं ठेवत जातात, पाणी आत यायच्या बेतात आलं की थांबतात आणि त्या वजनाला ०.६ ने भागतात. म्हणजे लोकांचं ६० टक्के वजन एका कडेला गेलं तरी बोट पाणी घेणार नाही, एवढंच गृहीत धरलेलं आहे. फोटोसाठी सगळेच एका बाजूला सरकले की ते १०० टक्के झालं, आणि तेही लाट नसलेल्या पाण्याच्या हिशेबाने.

आत आलेलं पाणीही भारच असतं, आणि तो हलता भार. १२ फूट लांब, ४ फूट रुंद तळावर दोन इंच पाणी साचलं तर ते ८ घनफूट होतं. घनफुटाला ६२.४ पाउंड धरले तर ५०० पाउंडांच्या जवळ जातं. घोट्यापर्यंतही न पोचणारं ते पाणी म्हणजे बोटीत चढलेली आणखी तीन माणसं. बोट जिकडे कलेल तिकडे ती तिघंही धावतात. म्हणून पाणी उपसायचं भांडं हाताशी ठेवा आणि इंचभर साचलं की उपसा.

जास्त भार घेऊ नये याला आणखी एक कारण आहे. पाणी भरलं तरी बोट तरंगत राहावी म्हणून तिच्या पोकळीत फोम भरलेला असतो. तो पट्टीवरच्याच आकड्यांवरून ठरवतात आणि त्यात माणसं पाण्यात उतरून बोटीला धरून आहेत असं मानतात. दुप्पट माणसं नेलीत तर त्यांच्यासाठीचा फोम बोटीत नाही.

आता हॉर्सपॉवर. हा आकडा वरची हद्द सांगतो, एवढी मोटर लागतेच असं नाही. तो बोटीची लांबी आणि ट्रान्सम म्हणजे मागची, मोटर टांगायची फळी, तिची रुंदी यांवरून निघतो. दोन्ही फुटांत मोजून गुणाकार करायचा. १४ फूट गुणिले ५ फूट म्हणजे ७०. स्टिअरिंगचं चाक पुढे असेल आणि ट्रान्सम २० इंच उंच असेल, तर दुप्पट करून ९० वजा करायचे: ५० हॉर्सपॉवर. मोटरचा दांडा हातात धरून चालवायची सपाट तळाची बोट असेल, तर निम्मे करून १५ वजा: २०. दांड्याचीच पण सपाट तळ नसलेली असेल, तर ०.८ ने गुणून २५ वजा: ३१, आणि पुढच्या पाचच्या पटीत नेऊन ३५. (ही सूत्रं गुणाकार ५२ च्या वर गेला तरच लागू होतात. त्याखाली ३ ते १५ हॉर्सपॉवरचा ठरलेला तक्ता आहे.) एकाच मापाच्या बोटींना २० आणि ५० असे इतके वेगळे आकडे का? दांड्याने चालवणारा स्वतः मागे मोटरशेजारी बसतो, सगळा भार शेपटाकडे जातो, आणि हाताला हिसका बसला की बोट क्षणात वळते.

मोटर मोठी लावली की आधी वजन त्रास देतं. ट्रान्सम खाली बसतो. वेगात असताना ते जाणवत नाही, पण अचानक वेग कमी केला की आपलीच मागून आलेली लाट फळीवरून आत येते. उलट बाजूने, पूर्ण वेगात नाक वरखाली आपटू लागतं, बोट कडेवर डुलते आणि वळवणं हाताबाहेर जातं. जुनी बोट घेणाऱ्यांनी एक खास बघावं: पूर्वीच्या टू-स्ट्रोक मोटरी हलक्या असत. तेवढ्याच हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक लावली तर तिसरी ओळ पाळली जाते आणि दुसरी मोडू शकते.

सेकंडहँड बोट बघताना मोटरच्या झाकणावरचा आकडा आणि पट्टीवरचा आकडा शेजारी ठेवून वाचा. पट्टी उन्हाने पुसली असेल तर कोरी पट्टी विकत आणून अंदाजाने भरू नका. मागच्या फळीवर उजवीकडे वर बारा अक्षर-अंकांचा एचआयएन, म्हणजे बोटीचा ओळख क्रमांक, कोरलेला असतो. तो देऊन उत्पादकाला मूळ आकडे विचारा. पट्टी नसलेल्या, एकाच तळाच्या २० फुटांखालच्या बोटीसाठी लांबी गुणिले रुंदी भागिले १५ हा ठोकताळा चालतो. १६ फूट बाय ६ फूट म्हणजे ६.४, म्हणजे सहा जण, तेही हवा शांत असेल तर आणि माणशी १५० पाउंड धरून.

जास्त माणसं किंवा मोठी मोटर यासाठी दंड आहे का, हे राज्यावर अवलंबून आहे. बऱ्याच राज्यांत आहे. शिवाय बोट जास्त भरलेली दिसली तर कोस्ट गार्ड तुम्हाला तिथूनच किनाऱ्याकडे परत पाठवू शकतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पट्टीचे आकडे विचारते. १ एप्रिल २०२१ पासून आणखी एक नियम आहे: २६ फुटांखालच्या, ३ किंवा जास्त हॉर्सपॉवरच्या आणि कट-ऑफ स्विच (दोरी ओढली गेली की इंजिन बंद करणारा) असलेल्या बोटीत वेग घेताना त्या स्विचची दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली हवी. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचं हवं. दहा जॅकेटं आहेत म्हणून दहा माणसं चालतील असा हिशेब करू नका.

चढताना एकेकाने, वाकून, मधोमध पाय ठेवून चढायचं. जड सामान तळाशी आणि मध्यावर. सगळे बसले की धक्क्याला बांधलेल्या स्थितीतच बाहेरून बघा: बोट दोन्ही बाजूंना सारखी आणि मागेपुढे सरळ आहे का, मागच्या फळीची कड पाण्याच्या किती वर आहे. कड खाली वाटली तर कूलर उतरवा, तरी नाही जमलं तर एक माणूस उतरवा आणि दोन फेऱ्या करा. आणि ट्रेलरवरून स्वतःची बोट पाण्यात सोडत असाल तर त्याआधी मागच्या फळीतलं ड्रेन प्लगचं बूच हाताने फिरवून घट्ट आहे ना ते बघा.