बातमीत मूळ कागदाची लिंक कशी द्यावी

२८ जून २०२४ रोजी राज्याच्या महिला व बालविकास विभागाचा जीआर (शासन निर्णय) निघाला: ‘मुख्यमंत्री – माझी लाडकी बहीण’ योजना, वय २१ ते ६०, अर्जाची मुदत १५ जुलै, कुटुंबाकडे पाच एकरांहून जास्त शेती असेल तर अपात्र. आठवडाही उलटला नाही तोच ३ जुलैला सुधारित जीआर आला. वयाची मर्यादा ६५ झाली, मुदत ३१ ऑगस्टपर्यंत गेली आणि शेतीची अट उडाली. पहिल्या जीआरवर बेतलेल्या बातम्या मात्र जागच्या जागीच राहतात. अशी बातमी उघडणाऱ्या वाचकाला ती कुठल्या कागदावर उभी आहे हे कळायचा एकच मार्ग असतो, तो म्हणजे लिंक. तालुक्याचं न्यूज पोर्टल चालवत असाल किंवा सोसायटीचं बातमीपत्र काढत असाल, तरी लिंक देण्याचं काम पुढच्या क्रमानं करता येतं.

१. आधी मूळ कागद गाठा

‘अमुक वाहिनीच्या वृत्तानुसार’ म्हणून त्या वाहिनीची लिंक दिली की अर्धं काम टळतं, म्हणून ती सवय लागते. त्या वाहिनीनंही दुसऱ्याच पोर्टलवरून उचललं असेल तर तुम्ही तिसऱ्या हाताचा माल विकताय. जीआर असेल तर शासनाच्या संकेतस्थळावरची पीडीएफ शोधा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ खरी की बनावट, हे तपासायची सोय जीआरमध्येच असते. शेवटच्या पानावर ‘त्याचा संकेतांक … असा आहे’ असं ठरावीक वाक्य असतं. हा संकेतांक १८ अंकी असतो आणि त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. २० २४ ०६ २८ अशी सुरुवात दिसली की तारीख जुळते का ते पाहा, मग तोच संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर शोधा. तिथे सापडला नाही तर ती पीडीएफ बातमीत वापरू नका, मग ती कुणीही पाठवलेली असो.

कोर्टाच्या निकालाचं जरा निराळं आहे. कोर्टाच्या संकेतस्थळावर कॅप्चा (चित्रातली अक्षरं) भरून उघडलेल्या निकालाची लिंक अनेकदा दुसऱ्या दिवशी चालत नाही. त्यामुळे लिंकसोबत खटल्याचा क्रमांक आणि निकालाची तारीख बातमीतच लिहा. लिंक मेली तरी वाचक शोधू शकतो.

२. मग निवडा, आणि बरंचसं टाकून द्या

लाडकी बहीणची बातमी लिहिताना समोर वीस टॅब उघडलेले असणार. त्यातले तीन पुरतात: पहिला जीआर, सुधारित जीआर आणि योजनेसाठी वर्षाला ४६ हजार कोटींची तरतूद सांगणारं अर्थसंकल्पीय भाषण. सत्ताधाऱ्यांचं अभिनंदनाचं ट्वीट आणि विरोधकांचा टोला यांना बातमीत जागा असेल, पण त्यांनी पात्रतेतलं काही सिद्ध होत नाही. माझी कसोटी साधी आहे: वाचक ज्या वाक्यापाशी ‘कशावरून?’ असं विचारेल, तिथे लिंक हवी. जिथे विचारणार नाही तिथे नको. ‘मुंबई’ या शब्दावर टिचकी मारली की त्याच पोर्टलच्या मुंबईच्या जुन्या बातम्या उघडतात, तो प्रकार वाचकाला फिरवत ठेवण्यासाठी आहे. त्याला संदर्भ म्हणू नये.

३. लिंक योग्य शब्दांवर आणि नेमक्या जागी लावा

‘अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा’ यात काय उघडणार ते कळत नाही. ‘३ जुलैचा सुधारित जीआर’ या शब्दांवर लिंक लावली की उघडायच्या आधीच उलगडा होतो. फाइल पीडीएफ असेल तर तसं लिहा, मोबाइल डेटा जपून वापरणारे वाचक दुवा देतील.

पीडीएफ मोठी असेल तर लिंकच्या शेवटी हॅशचं चिन्ह, इंग्रजीत ‘पेज’, बरोबरचं चिन्ह आणि पानाचा आकडा जोडा. संगणकावरच्या बहुतेक ब्राउझरमध्ये थेट ते पान उघडतं. साध्या वेबपानावरचं एखादं वाक्य दाखवायचं असेल तर क्रोममध्ये ते निवडून राइट क्लिक केल्यावर हायलाइट केलेल्या मजकुराची लिंक कॉपी करता येते.

४. काही लिंक देऊच नयेत

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करायला कायद्याची बंदी आहे: भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, आणि पीडित अल्पवयीन असेल तर पोक्सो कायद्याचं कलम २३. तुम्ही बातमीत नाव टाळलंत, पण लिंक दिलेल्या एफआयआरच्या प्रतीत किंवा कुणाच्या पोस्टमध्ये ते असेल, तर टाळून उपयोग काय? नात्याचा, शाळेचा, गल्लीचा उल्लेखही ओळख पटवतो. म्हणून लिंक देण्याआधी कागद पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. हाच नियम खोट्या व्हिडिओंना लावा. खोडून काढताना मूळ व्हिडिओची चालू लिंक दिली तर त्याचे प्रेक्षक तुम्हीच वाढवता. तिथे ठळक ‘खोटे’ असा शिक्का मारलेला स्क्रीनशॉट पुरतो.

५. लिंक मरणार हे धरून चाला

प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेनं २०२४मध्ये मांडलेल्या पाहणीत २०१३मधली ३८ टक्के वेबपानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. त्यामुळे बातमी प्रसिद्ध करतानाच वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर पान साठवा आणि ती लिंक जपून ठेवा. काही सरकारी पानं तिथे साठवली जात नाहीत. त्यांची पीडीएफ उतरवून तारखेसकट नाव द्या. समाजमाध्यमांवरची पोस्ट नुसती एम्बेड करून (म्हणजे बातमीत चौकटीत जोडून) सोडू नका. तिचे शब्द बातमीत उद्धृत करा, कारण पोस्ट काढली गेली की चौकट रिकामी पडते.

६. नियम बदलला तर

जुनी बातमी गुपचूप दुरुस्त करू नका. माथ्यावर तारीख घालून लिहा: ‘३ जुलै २०२४च्या सुधारित जीआरनुसार वयोमर्यादा आणि मुदत बदलली आहे’, आणि त्यावर नवी लिंक लावा. जुन्या जीआरची लिंक खाली तशीच राहू द्या. पहिल्या काही दिवसांत कोणत्या अर्जदाराला का परत पाठवलं गेलं, हे उद्या कुणी विचारलं तर उत्तर त्याच कागदात मिळेल.