चेक इंजिनचा दिवा विझतो आणि परत लागतो: कमी चाललेल्या गाडीतला इव्हॅपचा कोड कसा शोधावा

गाडी पाच-सहा वर्षांची, पण चाललेली जेमतेम बारा-पंधरा हजार किलोमीटर. कोल्हापुरातच राजारामपुरीतून शाहूपुरी, रविवारी रंकाळा, अधूनमधून जोतिबा. तरीही डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. मिस्त्री स्कॅनर लावतात, "इव्हॅपचा कोड आहे, विशेष काही नाही" म्हणून पुसून टाकतात आणि दिवा जातो. काही आठवड्यांनी तो परत हजर. इव्हॅप म्हणजे पेट्रोलची वाफ हवेत जाऊ न देणारी यंत्रणा, आणि कोड म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोषाचा क्रमांक.

सगळ्यात आधी हे पुसणं थांबवा. कोडबरोबर गाडीचा संगणक तो लागला त्या क्षणाची नोंद ठेवतो: इंजिनचं तापमान, वेग, इंजिनवरचा भार, काही गाड्यांत टाकीतलं पेट्रोलही. कोड पुसला की ही नोंदही जाते. बॅटरीची तार काढून ठेवली तरी अनेक गाड्यांत तेच होतं.

नेमकं काय बिघडतं

टाकीतल्या पेट्रोलची सतत वाफ होत असते. ती हवेत जाऊ नये म्हणून कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, साठवतात. इंजिन तापून गाडी चालू लागली की पर्ज व्हॉल्व उघडतो आणि इंजिन ती वाफ ओढून जाळतं. डब्यात बाहेरची हवा येण्यासाठी व्हेंटची वाट असते. टाकीचं झाकण, नळ्या, डबा आणि हे दोन रस्ते, एवढाच संसार.

यातली गळती सायलेन्सरमधून दिसत नाही. पीयूसीत फक्त सायलेन्सरचा धूर तपासतात. त्यामुळे "पीयूसी पास झालीय, मग दिवा कसला?" या प्रश्नाला अर्थ नाही.

कोड परत यायला इतके दिवस का लागतात? गळतीची चाचणी संगणक वाटेल तेव्हा करत नाही. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं, हवा फार गरम नको, टाकी साधारण पाव ते पाऊण भरलेली हवी. बहुतेक कोडना सलग दोन फेऱ्यांत दोष सापडल्यावरच दिवा लागतो. तुमची गाडी आठवड्यातून दोनदा भाजी मंडईपर्यंत जात असेल, तर हा योग जुळायलाच तीन आठवडे जातात. तेवढे दिवस दिवा लागला नाही म्हणजे गाडी दुरुस्त झाली असं नाही, चाचणीच झालेली नसते.

कोड वाचा

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. ब्लूटूथवर चालणारा साधा स्कॅनर त्यात लावून मोबाइलवर कोड वाचता येतो. कोड आणि त्याबरोबरची नोंद, दोन्हींचा स्क्रीनशॉट काढा. गाडी वॉरंटीत असेल तर इथेच थांबा, काही खोलू नका. स्क्रीनशॉट घेऊन सर्व्हिस सेंटरला जा आणि "कोड पुन्हा पुन्हा येतो" हे वाक्य जॉब कार्डवर लिहून घ्या. नुसतं तोंडी सांगितलं तर परत पुसूनच मिळेल.

पी-०४५५ म्हणजे मोठी गळती आणि पी-०४५७ म्हणजे बहुधा झाकण. पी-०४४२ लहान गळतीचा, साधारण एक मिलिमीटरच्या भोकाएवढ्या. पी-०४५६ त्याच्याही निम्म्या भोकाचा, आणि तो शोधायला सगळ्यात चिवट. पी-०४४१ आणि पी-०४९६ वाफेचा प्रवाह चुकतोय असं सांगतात, म्हणजे आधी पर्ज व्हॉल्वकडे बघा. पी-०४४३ आला तर त्याच व्हॉल्वचं वायरिंग. पी-०४४६ व्हेंटचा. भारतात विकल्या जाणाऱ्या सगळ्याच गाड्या गळतीची चाचणी स्वतः करत नाहीत. काहींत फक्त पर्जचेच कोड येतात.

कोड इव्हॅपचाच असेल आणि दिवा स्थिर असेल तर गाडी चालवायला हरकत नाही. लुकलुकत असेल तर तो इव्हॅपचा नव्हे, मिसफायरचा, म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट न जळण्याचा, इशारा आहे. गाडी बाजूला घ्या.

झाकण आणि टाकीचं तोंड

झाकण काढून त्याची रबरी रिंग बोटाने फिरवून बघा. कमी वापराच्या गाडीत रबर झिजत नाही, ते वाळतं. चीर पडलीय का, एका जागी चपटं झालंय का, कडेला मातीचा थर आहे का, ते पाहा. ज्या काठावर रिंग बसते तोही ओल्या फडक्याने पुसा आणि गंज दिसतोय का बघा. झाकण बदलायचं तर कंपनीचंच घ्या. दिसायला तंतोतंत सारखं पण सैल बसणारं झाकण बाजारात सहज मिळतं, आणि मग शोध पहिल्या पायरीवर परत येतो. बसवताना टक-टक आवाज येईपर्यंत फिरवा.

पर्ज व्हॉल्व

माझा पहिला संशय नेहमी याच्यावर असतो, विशेषतः पेट्रोल भरल्यावर गाडी पटकन स्टार्ट होत नसेल तर. हा व्हॉल्व बहुतेक गाड्यांत इंजिनजवळ, इनटेकच्या म्हणजे हवा आत शिरते त्या बाजूला असतो. थंड इंजिन सुरू करून आयडलवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता, ठेवा. डब्याकडून येणारी नळी व्हॉल्ववरून काढा आणि व्हॉल्वच्या उघड्या तोंडावर बोट धरा. बोट ओढल्यासारखं वाटलं तर व्हॉल्व बंद होत नाहीय, कारण या वेळी तिथे ओढ नसायला हवी. काहीच जाणवलं नाही तर या परीक्षेत तो पास. इंजिन बंद करून, व्हॉल्व काढून बारा व्होल्ट दिले तर टिक वाजून तो उघडायला हवा. वाजला नाही तर कॉइल गेली.

हे सगळं मोकळ्या हवेत करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खड्ड्यात आणि बेसमेंटमध्ये साचून राहते. विडी, उदबत्ती, ठिणगी, काहीही जवळ नको.

उभ्या गाडीचे पाहुणे

उभ्या गाडीत भाग झिजून बिघडत नाहीत, त्यांच्यावर दुसरंच कोणी राहायला येतं. गाडी व्यवस्थित जॅक स्टँडवर घेऊन टॉर्चने व्हेंटची नळी शोधा. आतून तोंड मातीने बंद दिसलं तर ते कुंभारीण माशीचं घर असू शकतं. हे घर काडीने टोकरून आत ढकलू नका, नळी काढून बाहेरच्या बाजूला साफ करा. शेताच्या कडेला, उसाच्या फडाजवळ गाडी उभी असेल तर उंदरांनी नळी कुरतडली आहे का बघा. दातांच्या खुणा स्पष्ट असतात, दोन-दोन समांतर ओरखडे. नळी वाकवून बघा. सरळ असताना न दिसणारी भेग वाकवल्यावर उघडते.

कोल्हापुरात आणखी एक गोष्ट तपासावीच लागते. गाडी सेकंडहँड घेतली असेल आणि किलोमीटर कमी असतील, तर ती ऑगस्ट २०१९ किंवा जुलै २०२१ च्या महापुरात उभी होती का, हे विचारा. विकणारा सांगेलच असं नाही. सीटबेल्ट पूर्ण ओढून शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ आहे का बघा. अनेक गाड्यांत कॅनिस्टर खालीच, टाकीच्या शेजारी असतो. त्यात पाणी आणि गाळ शिरला की कोळसा निकामी होतो. तो धुऊन वाळवून चालत नाही, डबाच बदलावा लागतो.

डबा खराब होण्याचं याहून सर्रास कारण पंपावर घडतं. ऑटो कट झाल्यावर "राउंड फिगर कर" म्हणून आणखी भरलं की पातळ पेट्रोलच डब्यात जातं. डबा वाफेसाठी केलाय. काढून हातात घेतल्यावर तो विचित्र जड लागला किंवा हलवल्यावर आत खळखळलं, तर निकाल तिथेच लागला. हल्ली दोष पेट्रोलमधल्या इथेनॉलवर टाकायची घाई होते, आणि साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात तर चर्चा रंगतेच. जुन्या रबरावर त्याचा परिणाम होऊ शकतो हे खरं. गाडीला ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, चालतं का, हे टाकीच्या झडपेवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. पण भेग डोळ्यांनी दिसेपर्यंत इथेनॉलला आरोपी करू नका.

तरीही सापडलं नाही तर

स्मोक टेस्ट करून घ्या. उद्यमनगरात चौकशी करून स्मोक मशीन असलेलं गॅरेज शोधा. नळ्यांत अगदी हलक्या दाबाने धूर सोडतात आणि जिथून धूर निघतो तिथे गळती. कुणी साधा हवेचा कॉम्प्रेसर लावतो म्हटलं तर नको म्हणा. जास्त दाबाने टाकीचा सेन्सर किंवा सील फुटतो, आणि टाकीत नुसती हवा ढकलणं धोक्याचंच. स्मोक टेस्टआधी "डबा, व्हॉल्व, सेन्सर सगळं बदलू" असा सल्ला मिळाला तर दुसरं गॅरेज बघा.

दुरुस्ती झाली हे कसं ओळखायचं

आता कोड पुसा, पण पुरावा मिळवण्यासाठी. टाकी अर्धी ठेवा आणि गाडी रात्रभर उभी करा. सकाळी गार हवेत सुरू करा, दोन-चार मिनिटं आयडलवर ठेवा, शहरातून निघून तावडे हॉटेलवरून महामार्ग धरा आणि एका वेगाने कागलपर्यंत जाऊन या. मोबाइलवरच्या अॅपमध्ये इव्हॅप मॉनिटरपुढे, म्हणजे संगणकाच्या इव्हॅप चाचणीपुढे, "पूर्ण" दिसायला हवं. काही गाड्यांना यासाठी दोन-तीन सकाळी लागतात, आणि काही मॉडेलमध्ये हा मॉनिटरच नसतो. तिथे कोडची यादी रिकामी राहते का, एवढंच बघायचं. मॉनिटर पूर्ण झाला आणि प्रलंबित (दोष एकदाच सापडलेल्या, दिवा न लागलेल्या) कोडांच्या यादीतही काही नाही, तर काम झालं. "अपूर्ण" असेल तर मिस्त्रींना इतक्यात शाबासकी देऊ नका.