पन्हाळा नीट बघायचा असेल तर असा बघा

कोल्हापुरात पाहुणे आले की कार्यक्रम ठरलेला असतो, सकाळी अंबाबाई, दुपारी तांबडा-पांढरा आणि चारला गाडी काढून पन्हाळा, तिथं चार पॉइंटवर फोटो की सातला परत. मी पण कितीतरी वर्षं असाच जायचो. पण त्यात गड दिसत नाही हो. पन्हाळ्याला अख्खा दिवस द्या आणि एकच गोष्ट डोक्यात ठेवून फिरा, की गडाला वेढा पडलाय आणि आपण आत आहोत. मग कुठली भिंत कशासाठी, विहीर तिथंच का, हे बघता बघता कळायला लागतं.

जायला अवघड काही नाही. शहरापासून २० किलोमीटरच्या आसपास, शिवाजी पूल ओलांडायचा, केर्ली, वाघबीळ करत वर चढायचं. एसटी पण जाते. पावसाळ्यात पंचगंगा चढली की केर्लीजवळ रस्त्यावर पाणी येतं, तेव्हा आधी चौकशी करूनच निघा. मला विचाराल तर सप्टेंबरच्या शेवटी जावं, धुकं ओसरलेलं असतं आणि गवत अजून हिरवं असतं. बूट चांगल्या ग्रिपचे घाला, जांभ्यावर शेवाळ धरलेलं असतं.

वर पोचलात की नाक्यापाशी जरा थांबा. आपण जिथनं बिनधास्त आत शिरतो तिथं चार दरवाजा होता. १८४४ ला गडकऱ्यांनी, म्हणजे गड राखणाऱ्या शिबंदीनं, बंड केलं, इंग्रजांनी तोफा लावून गड घेतला आणि मग हा दरवाजा पाडून टाकला, आता थोडे अवशेष राहिलेत. गड मूळचा शिलाहारांचा, बाराव्या शतकाच्या शेवटी दुसऱ्या भोजाच्या काळातला, पुढं आदिलशाहीनं आणि मराठ्यांनी त्यात भर घातली.

गाडी गावात लावा आणि पहिल्यांदा चालत तीन दरवाजाला जा, सकाळी तिथं गर्दी नसते. आतनं बघून परत फिरू नका, दरवाज्याच्या बाहेर जा आणि शत्रू येईल तसं आत या. बाहेरच्या दरवाज्यातनं आत आलात की चारी बाजूंनी बंद चौक लागतो, पुढं परत दुसरा दरवाजा, बाजूला पहारेकऱ्यांच्या देवड्या. म्हणजे पहिला दरवाजा फोडून आत आलेला माणूस त्या चौकातच अडकला. हे वाचून कळत नाही, तिथं मधोमध उभं राहिलं की पोटात गोळा येतो.

लगेच शेजारी अंधार बाव. तीन मजली विहीर आहे, तळाला पाणी, वर पहारा आणि मधल्या मजल्यावरनं तटाच्या बाहेर पडायला चोरवाट. वेढ्यात शत्रू पाण्यात विष कालवेल म्हणून पाणी असं झाकून ठेवलेलं. टॉर्च न्या, पायऱ्या ओल्या असतात, माझा भाऊ तिथं घसरून गुडघा फोडून घेतलाय.

मग अंबरखाना, म्हणजे धान्याची कोठारं, गंगा, यमुना आणि सरस्वती. गंगा कोठीत २५,००० खंडी धान्य मावायचं असं सांगतात. बाहेरच्या जिन्यानं वर जायचं आणि छताला भोकं आहेत त्यातनं धान्य खाली ओतायचं. आत गेलात की मान वर करून ती भोकं नक्की बघा. १६६० ला सिद्दी जौहरचा वेढा चार महिन्यांच्या वर चालला, पावसाळा लागला तरी उठला नाही, त्या दिवसांत आतल्या लोकांचा जीव अशा कोठारांवरच होता.

दुपारी झुणका-भाकरी खा, ठेचा मागून घ्या. खाऊन झालं की सज्जा कोठी, पूर्वेच्या कड्यावरची दुमजली इमारत, संभाजीराजांना इथं ठेवलं होतं असं सांगतात. पाय चालत असतील तर शेजारचा पावनगड पण करा, तिकडं शांतता असते. पावनगडाच्या डोंगरावरनं पन्हाळ्यावर तोफा डागता येतात हे १६६० ला कळलं होतं, मग तो डोंगर मोकळा सोडून कसा चालेल?

२०२५ ला युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, त्यात पन्हाळा आहे. तरी तटावर खडूनं नावं दिसतात. पोरांना घेऊन जाल तेव्हा एवढं तेवढं सांगा, आणि प्लास्टिक खाली घेऊन या.

संध्याकाळ मात्र पुसाटी बुरुजासाठीच ठेवा. समोर मसाई पठार पसरलेलं दिसतं. १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज गडावरनं उतरून त्याच पठारावरनं विशाळगडाकडं गेले, इकडं शिवा काशीद त्यांच्या वेशात शत्रूच्या हाती लागला आणि पुढं खिंडीत बाजीप्रभू उभे राहिले. भर पावसात, अंधारात, चिखलातनं. बुरुजावर बसून ती वाट नजरेनं शोधा, घाई करू नका. फक्त शेवटच्या एसटीची वेळ सकाळी उतरतानाच विचारून ठेवा, तिथं बसलं की वेळेचं भान राहत नाही.