पुशबटण गिअरची जुनी गाडी: आधी उभी करायला शिका

1956 ते 1964 मधली पुशबटण ऑटोमॅटिक क्रायस्लर, डॉज किंवा प्लिमथ हातात आली की जो तो आधी बटणं दाबून बघतो, पण माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी ती उभी कशी करायची ते शिका, कारण सुरुवातीच्या या गाड्यांना पार्क, म्हणजे उभी गाडी गिअरबॉक्समध्येच अडकवून ठेवणारी सोय, नाहीच. स्टिअरिंगच्या डावीकडे आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी (ड्राइव्ह), 2, 1 (खालचे गिअर; पहिल्या पॉवरफ्लाइट ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला 2 आणि 1च्या जागी एकच एल, म्हणजे लो), संपलं. डी दाबून इंजिन बंद केलं तरी उपयोग नाही, पंप थांबला की ऑइलचं प्रेशर जातं, आतले क्लच सुटतात आणि उतारावर गाडी घरंगळू लागते.

म्हणजे सगळी भिस्त पार्किंग ब्रेकवर, आणि तोही चाकांवर नाही. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला एक ड्रम असतो, तो मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टला धरून ठेवतो. त्यामुळे मागचं एक चाक जॅकवर उचललंत की घात होतो, शाफ्ट घट्ट धरलेला असतो पण डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरची पेटी) वरचं चाक उलटं फिरतं, खालचं सुलटं, आणि गाडी जॅकवरून निसटते. जॅक लावायच्या आधी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावाच, सपाट जमिनीवरसुद्धा. नंतरच्या मॉडेल्सना बटणांशेजारी पार्कची छोटी दांडी आली, तुमच्या गाडीला आहे का ते आजच बघून घ्या.

चालू करताना एन दाबा, इतर गिअरमध्ये स्टार्टर फिरतच नाही. थंड इंजिन चोकमुळे जोरात फिरत असतं, तेव्हा आर किंवा डी दाबलं की धक्का बसतो, म्हणून पाय ब्रेकवर घट्ट ठेवा. बटण पूर्ण आत जाईपर्यंत दाबा, अर्धवट नको, कारण मागे वीजबीज काही नाही, नुसती केबल आहे जी गिअरबॉक्समधला वाल्व सरकवते. बटण जड लागलं तर जोर लावू नका, केबल तपासून अ‍ॅडजस्ट करून घ्या.

पुढे जाताना चुकून आर दाबलं गेलं तर? ताशी साधारण 10 मैलांच्या वर असाल तर आतला वाल्व रिव्हर्स लागू देत नाही, गाडी न्यूट्रलला जाते. फार छान सोय आहे ही, पण मुद्दाम करून बघू नका, साठ वर्षांच्या वाल्वची परीक्षा कशाला घ्यायची!

1958च्या एडसेलची (फोर्डची गाडी) टेलिटच नावाची पुशबटण व्यवस्था मात्र वेगळी, बटणं स्टिअरिंगच्या मधोमध, जिथे हात हॉर्नसाठी जातो, आणि गिअर बदलायला इलेक्ट्रिक मोटर. तिला पार्क आहे, पण उतारावर नुसतं पार्क दाबून ब्रेक सोडलात तर गाडीचं सगळं वजन आतल्या खिट्टीवर येतं आणि निघताना मोटरला ती सोडवता येत नाही. तिथे क्रम असा ठेवा: पाय ब्रेकवर, मग पार्किंग ब्रेक, मग पार्क, आणि पाय सगळ्यात शेवटी काढा.