उपासनेसाठी संगीत कसे निवडावे आणि मार्च कुठे वाजवावा

ख्रिस्ती उपासनेत कोणते संगीत चालते यावर वाद होतो तो बहुतेक वेळा वाद्यांवरून. ड्रम चालेल का, गिटार शोभेल का, ब्रास बँड आत आणावा का. ज्याच्यावर निवडीची जबाबदारी आहे त्याने मात्र वाद्यांचा विचार शेवटी करावा. आधी शब्द, मग मंडळीचा गळा, मग प्रसंग, आणि त्यानंतर वाद्ये. मार्चच्या, म्हणजे पावले टाकत चालण्याच्या तालावरच्या संगीताच्या, बाबतीत हा क्रम सोडून चालतच नाही, कारण मार्चची चाल माणसाला इतकी ओढून नेते की तिच्यावर कसलेही शब्द खपून जातात.

त्याही आधी आपल्या मंडळीची परंपरा काय आहे ते पाळकांना विचारून घ्या. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये उपासना बहुतांशी नुसत्या कंठस्वरांत होते. चर्चेस ऑफ ख्राइस्ट या मंडळ्यांत वाद्ये सहसा नसतातच. नव्या करारात मंडळीने गाण्याचा उल्लेख आहे, वाजवण्याचा नाही, असा त्यांचा आधार. कॅथलिक चर्चमध्ये पोप दहावे पायस यांच्या १९०३ च्या आदेशाने पियानो, ढोल आणि झांजा चर्चबाहेर ठेवल्या. बँडला चर्चबाहेरच्या मिरवणुकीत बिशपांच्या परवानगीने मुभा होती, तीही लौकिक चाली वाजवायच्या नाहीत या अटीवर. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये ऑर्गनचा मान कायम ठेवून, उपासनेला साजेशा इतर वाद्यांना परवानगी देण्याची सोय केली. दुसरीकडे स्तोत्र १५० मध्ये शिंगे, तंतुवाद्ये, डफ आणि झणझणाटी झांजा असा सगळा ताफाच आहे. तेव्हा ‘बायबलमध्ये असे नाही’ असे म्हणण्यापूर्वी कोणते पान उघडले आहे ते बघावे.

शब्दांची परीक्षा

गीत हाती आले की चाल बाजूला ठेवा आणि सगळी कडवी मोठ्याने वाचा, बातमी वाचावी तशी. इफिसकरांस ५:१९ आणि कलस्सैकरांस ३:१६ या दोन्ही ठिकाणी स्तोत्रे, गीते आणि आध्यात्मिक गायने यांची नावे येतात, आणि दोन्ही ठिकाणी गाणे देवासाठी आहे तसेच एकमेकांसाठीही आहे. म्हणजे शेजारी उभ्या असलेल्याला त्यातून काही कळले पाहिजे. प्रत्येक कडव्याचा अर्थ एका वाक्यात सांगून पाहा. सांगता आला नाही तर करिंथकरांस पहिल्या पत्रातली, आत्म्याने गावे तसे बुद्धीनेही गावे ही कसोटी (१४:१५) ते कडवे पार करत नाही. प्राचीन चर्चचे धर्मगुरू ऑगस्टीन यांच्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनाच्या दहाव्या भागात त्यांनी हीच अडचण मांडली आहे: गायलेल्या मजकुरापेक्षा गाण्यानेच मन जास्त हलले, तर ते त्यांना दोषास्पद वाटते. तरीही चर्चमधले गाणे बंद करावे असे ते म्हणत नाहीत.

वेळ वाचवण्यासाठी मधले कडवे गाळण्याची सवय फार घातक. वधस्तंभापासून पुनरुत्थानापर्यंत क्रमाने जाणाऱ्या गीतातले तिसरे कडवे उडवले की प्रभू कबरेतच राहतो आणि चौथ्या कडव्यात मंडळी एकदम जयघोष करू लागते. वेळ कमी असेल तर चार कडव्यांचे गीत पूर्ण गा आणि दुसरे एखादे गीत कमी करा.

मंडळीचा गळा

सराव नसलेल्या माणसाला पियानोवरच्या मधल्या ‘सी’च्या खालच्या ‘ए’पासून वरच्या ‘डी’पर्यंत आरामात गाता येते, पुरुष तेच एक सप्तक खाली गातात. चालीतला सर्वांत उंच स्वर ‘डी’च्या वर जात असेल तर पट्टी उतरवा. ध्वनिमुद्रित गीते एकट्या गायकाच्या गळ्यासाठी बसवलेली असतात, त्यामुळे ती मंडळीसाठी दोन ते चार अर्धस्वर खाली घ्यावी लागतात. मात्र चार अर्धस्वर उतरवल्यावर कडव्याची सुरुवात इतकी खाली गेली की ऐकूच येत नाही, तर त्या चालीचा पल्लाच मोठा आहे. ते गीत गायकवृंदाला द्या.

दुसऱ्या चालीवर शब्द बसवायचे असतील तर ओळीतली अक्षरे मोजणे पुरत नाही. ८.७.८.७ च्या (ओळींत क्रमाने आठ, सात, आठ, सात अक्षरे असलेल्या) चालीवर तेवढ्याच अक्षरांचे कडवे बसते खरे, पण समेवर ‘आणि’ किंवा ‘तर’ असा शब्द आला की सगळे ओढून-ताणून गाऊ लागतात. पहिले कडवे छान बसते आणि तिसरे अडते, हे नेहमीचेच. म्हणून सगळी कडवी म्हणून पाहा.

वाद्ये किती मोठ्याने वाजवावीत याची परीक्षा सोपी आहे. सरावात एक कडवे वाद्ये थांबवून गायला लावा. गाणे कोसळले तर मंडळी गात नव्हती, वाद्ये गात होती.

मार्च इतका का ओढतो

सामान्य मार्च २/४, २/२ किंवा ६/८ या तालांत असतो आणि मिनिटाला सुमारे १२० पावलांचा असतो. भराभर चालणाऱ्या माणसाच्या पावलांचा वेग याच्या आसपासच असतो, म्हणून ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलतो. जोराच्या ठोक्यावर डावे पाऊल. बास मूळ स्वर आणि पंचम यांच्यात आलटून-पालटून चालतो, आणि मधल्या रिकाम्या जागा हॉर्न किंवा साइड ड्रम (खाली तारा ताणलेला छोटा ड्रम) भरतो. चालीतली वाक्ये चार आणि आठ मापांची (माप म्हणजे तालाचे एक आवर्तन), त्यामुळे पुढे काय येणार ते पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही कळते.

बँडच्या मार्चची रचना साधारण अशी: चार किंवा आठ मापांची सुरुवात, मग सोळा मापांचा पहिला भाग पुन्हा एकदा, मग दुसरा भाग, आणि मग ‘ट्रिओ’. ट्रिओ मूळ पट्टीच्या मध्यमात जातो, म्हणजे ‘सी’ची पट्टी असेल तर ‘एफ’मध्ये, आणि चाल एकदम मोकळी, गाण्याजोगी होते. लोकांच्या ओठांवर राहतो तो हाच भाग. शब्द बसवायचे असतील तर ट्रिओवर बसवा; पहिल्या भागातल्या उड्या वाद्यांसाठी असतात.

हे सगळे शरीरावर काम करते, म्हणून मार्चची जागाही शरीर हलत असेल तिथे: प्रवेशाची मिरवणूक, झावळ्यांचा रविवार, पुनरुत्थानाच्या दिवशीची फेरी, उपासना संपवून बाहेर पडणे. पापकबुली, प्रभुभोजन, शास्त्रवाचनानंतरची शांतता इथे मार्च नको, कितीही हळू वाजवला तरी. कॅथलिक परंपरेत तर पवित्र गुरुवारच्या ‘ग्लोरिया’नंतर (देवाच्या गौरवाचे स्तुतिगीत) पुनरुत्थान-जागरणाच्या ‘ग्लोरिया’पर्यंत वाद्ये फक्त गाण्याला आधार देण्यापुरतीच असतात. बँडचा प्रश्नच येत नाही.

‘सैन्याचे संगीत चर्चमध्ये कशाला’ हा आक्षेप जुना आहे. सैन्याच्या धर्तीवर चालणाऱ्या साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संघटनेने १८७८ मध्ये इंग्लंडमधल्या सॉल्झबरीत एका बाप-लेकांच्या चौकडीपासून बँडची वाट धरली आणि रस्त्यावरची सुवार्ता पितळी वाद्यांवर नेली. इंग्रज संगीतकार आर्थर सलिव्हनने १८७१ मध्ये चाल दिलेले ‘ऑनवर्ड, ख्रिश्चन सोल्जर्स’ मुळात मुलांच्या मिरवणुकीसाठी लिहिलेले होते. लढाईची भाषा असलेले गीत निवडताना इफिसकरांस ६:१२ शेजारी ठेवा: झगडा रक्तमांसाबरोबर नाही. ज्या गीतात शत्रू म्हणजे माणसेच आहेत असे ऐकू येते ते ठेवू नका. एखाद्या देशाचा किंवा पलटणीचा ओळखीचा मार्च असेल आणि पहिल्या दोन मापांतच लोकांना जुने शब्द आठवत असतील, तर तोही नको.

चर्चमधल्या मिरवणुकीचा हिशोब

मिरवणूक बिघडते ती संगीत लवकर संपल्याने किंवा उरल्याने. हिशोब आधी करा. समजा मधली वाट २० मीटर आहे आणि मिरवणुकीतले पाऊल अर्ध्या मीटरचे. पहिल्या जोडीला ४० पावले लागतील. गायकवृंदात २० जण, म्हणजे १० जोड्या. दोन जोड्यांत १.२ मीटर अंतर ठेवले तर शेवटची जोडी १०.८ मीटर मागे, म्हणजे आणखी २२ पावले. एकूण ६२.

आता चाल. सोळा मापांचे ४/४ मधले कडवे ६४ मात्रांचे असते. मिनिटाला ६० मात्रांनी, प्रत्येक मात्रेला एक पाऊल टाकले तर एका कडव्यात सगळे जागेवर पोहोचतात. पण मार्चच्या चालीवरचे गीत ६० ने मरगळते. ते १०० ने गा आणि दोन मात्रांना एक पाऊल टाका: ६२ पावलांना १२४ मात्रा, म्हणजे जवळजवळ दोन पूर्ण कडवी आणि सुमारे सव्वा मिनिट. उरलेली कडवी जागेवर उभे राहून.

१२० चा वेग वाद्यांपुरता ठीक, गाण्याला नाही. जोडाक्षरे गिळली जातात आणि श्वासाला जागा उरत नाही. मंडळी गाणार असेल तर ९६ ते १०८ च्या दरम्यान ठेवा आणि मेट्रोनोमवर (ठरावीक वेगाने ठोके देणाऱ्या यंत्रावर) तपासा. उत्साहात वेग वाढतो, आणि वाढवतो तो बहुधा साइड ड्रम.

संगीत कापावे लागले तर भागाच्या शेवटी कापा, आठव्या किंवा सोळाव्या मापाला. मधेच हळू करत थांबलात तर चालणाऱ्यांचे एक पाऊल हवेत राहते. उलट पाळक अजून अर्ध्या वाटेवर असतील तर ट्रिओ पुन्हा घ्या. ही खूण वाजवणाऱ्यांशी आधी ठरलेली असावी.

रस्त्यावर

बाहेर सर्वांत मोठा शत्रू अंतर. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. बँड पुढे आणि शेपूट ५० मीटर मागे असेल तर मागच्यांना ठोका ०.१५ सेकंद उशिरा ऐकू येतो. १२० च्या वेगात एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे मागचे जवळजवळ तिसरा हिस्सा ठोका मागे गातात, आणि चूक त्यांची नसते. बँड मिरवणुकीच्या मध्यावर ठेवा म्हणजे अंतर निम्मे होते. मिरवणूक त्याहून लांब असेल तर मागच्या गटाला वेगळे गीत, वेगळ्या वेळी द्या.

चालताना पुस्तक बघता येत नाही, म्हणून ध्रुवपद दोन ओळींचे आणि पाठ असलेले हवे. कडवी गायकांनी घ्यावीत. कॉर्नेट आणि ट्रंपेटवाल्यांचे ओठ सलग वाजवून थकतात, मग वरचे स्वर फाटू लागतात. दोन मार्चच्या मध्ये नुसत्या ड्रमवर चाला. थोडा वेळ नुसते चाललेलेही बरे. यरीहोभोवतीच्या फेऱ्यांत याजक शिंगे वाजवत होते, पण लोकांना सातव्या दिवसापर्यंत तोंडातून शब्द काढायची मनाई होती (यहोशवा ६:१०).

लग्न आणि अंत्यविधी

वधूच्या प्रवेशाला वाग्नर या संगीतकाराचे आणि बाहेर पडताना मेंडेल्सोन या संगीतकाराचे मार्च, ही जोडी १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या मुलीच्या लग्नानंतर रूढ झाली. दोन्ही रंगभूमीवरचे आहेत, म्हणून काही चर्च ती वाजवू देत नाहीत. वाग्नरच्या ऑपेरात ते गाणे लग्न लागल्यानंतरचे आहे आणि ते लग्न त्याच रात्री मोडते, हे वधूपक्षाला सांगायचे की नाही ते तुम्ही ठरवा. जेरेमाया क्लार्कचा ‘प्रिन्स ऑफ डेन्मार्क्स मार्च’ हा चांगला पर्याय. ऑर्गनवर एकट्याने होतो, ट्रंपेट असला तर उत्तमच. तो बरीच वर्षे पर्सेल या दुसऱ्या संगीतकाराच्या नावावर खपत होता, त्यामुळे स्वरलिपी शोधताना दोन्ही नावांनी शोधा.

अंत्ययात्रेसाठी हेंडेल या संगीतकाराच्या ‘सॉल’ या रचनेतला डेड मार्च वाजवतात. तो ‘सी मेजर’मध्ये आहे, मायनरमध्ये नाही, त्यामुळे रडका होत नाही. मिनिटाला ५० ते ६० पावले पुरेत. ड्रमवर जाड काळे कापड टाकून आवाज दाबा, पण साइड ड्रमच्या खालच्या तारा आधी सैल करा. त्या ताणलेल्या राहिल्या तर कापडाखालूनही खरखर येत राहते. शवपेटी उचलणाऱ्यांना ठोका मोजायला लावू नका; त्यांच्या पावलांकडे बघून बँडमास्तरने वेग धरावा.