मंडई बघायची तर मान वर करून

पुण्यात आलात की तुळशीबागेत खरेदी होतेच. तिथून दोन मिनिटांवरच्या मंडईत मात्र लोक भाजी घेतात आणि इमारत न बघताच परत फिरतात. एकदा आत शिरून थेट मधल्या मनोऱ्याखाली जा आणि वर बघा. मनोरा अष्टकोनी आहे, आणि त्याच्याभोवती भाजीवाल्यांच्या गाळ्यांच्या लांब पाखा पसरल्यात. काळा दगड, टोकदार कमानी, उतरतं छप्पर, आणि खाली उंच ओट्यावर मेथी-कोथिंबिरीच्या ढिगांत बसलेल्या मावशी! १८८६ मध्ये उघडली तेव्हा हिचं नाव रे मार्केट होतं, मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. गंमत म्हणजे एवढा खर्च मंडईवर करण्यापेक्षा शिक्षणावर करा, असं नगरपालिकेत बजावणाऱ्या जोतिरावांचंच नाव पुढे तिला मिळालं.

जायचं तर सकाळीच. तेव्हा माल ताजा असतो आणि ऊनही तिरपं, त्यामुळे दगडावरची नक्षी उठून दिसते. संध्याकाळी गर्दीत धक्के खाण्यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही. गाडी नकोच, पार्किंग शोधण्यात अर्धा तास जातो, शिवाय मेट्रोचं मंडई स्टेशन अगदी जवळ आहे. फोटो काढण्याआधी मावशींना विचारा, आणि पाव किलो काहीतरी घ्याच. मग त्या स्वतःहूनच बोलायला लागतात. बाहेर पडल्यावर लोकमान्यांचा पुतळा आणि समोरचा शारदा गजानन बघून घ्या.