फ्लेक्स पीसीबीच्या केमिकल लाइनवर या चुका टाळा

रिजिड म्हणजे कडक बोर्डांची लाइन चालवलेल्या हातांकडे फ्लेक्सचं, म्हणजे वाकणाऱ्या सर्किट बोर्डांचं, काम आलं की पहिली चूक ठरलेली असते: तेच बाथ, तेच तापमान, तेवढाच वेळ. पॉलिइमाइड (फ्लेक्सचा प्लास्टिकचा पाया) आम्लाला दाद देत नाही, पण कडक अल्कली त्याच्या रेणूंची साखळी तोडते. त्याच्याही आधी फुगतो तो तांबं धरून ठेवणारा अ‍ॅक्रिलिक अ‍ॅढेसिव्ह.

म्हणून खरा धोका स्ट्रिपिंगला, म्हणजे तांबं झाकणारी प्रकाशसंवेदी ड्राय फिल्म अल्कलीत उतरवताना. २-३ टक्के कॉस्टिक सोडा आणि ५० अंश ठीक, पण ड्राय फिल्म सुटल्यावर शीट क्षणभरही आत राहता कामा नये. कन्व्हेयर अडकला तर आधी स्प्रे बंद करा, मग शीट काढा. ट्रॅकच्या (तांब्याच्या रेषेच्या) कडेला पांढरट रेघ दिसली तर अ‍ॅढेसिव्ह फुगलाय असं समजा. कव्हरले (वरचा संरक्षक थर) पुढे तिथेच सुटतो. स्ट्रिपिंगनंतर भरपूर पाणी, मग ५ टक्के सल्फ्युरिकची डुबकी द्या. बारीक ट्रॅकसाठी अमाइनवाला स्ट्रिपर महाग पडला तरी घ्यावाच.

हाच प्रश्न डी-स्मिअरला, म्हणजे ड्रिलिंगनंतर भोकात चिकटलेला लेप काढताना. गरम परमँगनेट भोकाच्या भिंतीतला अ‍ॅढेसिव्ह आत खातो, तिथे खाच पडते आणि तांब्याचा थर तुटक बसतो. अ‍ॅक्रिलिक असेल तर प्लाझ्माच (विद्युतभारित वायू) वापरा, तोही शीट बेक करून. ओल्या शीटवर तो असमान चालतो.

डेव्हलपरमध्ये (प्रकाश न लागलेली फिल्म धुणाऱ्या द्रावणात) १ टक्का सोडा अ‍ॅश, तापमान ३० अंशांच्या आसपास, ब्रेकपॉइंट (फिल्म पूर्ण धुतली जाते ती जागा) चेंबरच्या निम्म्यावर किंवा जरा पुढे. द्रावण बोअरच्या जड पाण्यात बनवलं तर नोझलमध्ये चुना बसतो, म्हणून तिथे सॉफ्ट पाणी. मात्र डेव्हलपिंगनंतरच्या पहिल्या रिन्सला थोडं जड पाणीच बरं, फिल्मची कड लगेच घट्ट होते. बरेच जण नेमकं उलट करतात.

एचिंगमध्ये, म्हणजे नको असलेलं तांबं विरघळवताना, वरच्या बाजूला द्रावण साचतं आणि मधला भाग मागे पडतो. बारीक ट्रॅकची बाजू खाली ठेवा, शीट पुढून लीडर बोर्डाला (पुढे ओढणाऱ्या कडक बोर्डाला) चिकटवा.

नाशिकच्या थंडीत सकाळी टाकीचं पाणी गार असतं, मायक्रो-एच, म्हणजे तांब्याचा वरचा अगदी पातळ थर विरघळवणं, मंदावतो. घड्याळावर विसंबू नका, वजन करा. दोन्ही बाजूंनी तांबं असलेला १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा ०.१८ ग्रॅम हलका झाला म्हणजे प्रत्येक बाजूचं १ मायक्रॉन तांबं गेलं. तेवढं पुरे.

पावसाळ्यात उलटा त्रास. पॉलिइमाइड वजनाच्या दोन-तीन टक्के ओल पितं. कव्हरले प्रेस करण्याआधी १२० अंशांवर तास-दोन तास बेक करा आणि शीट थेट प्रेसला न्या. बेक केलेली शीट रात्रभर रॅकवर ठेवली तर बेकिंग वाया जातं, फोड येतात.

निकेल-गोल्ड मुलाम्याचं निकेल ठिसूळ असतं. वाकणाऱ्या भागावर ते चढू देऊ नका.

इलेक्ट्रोलेस कॉपरचं (विजेशिवाय तांबं चढवणाऱ्या बाथचं) जुनं द्रावण रिन्सच्या पाण्यात ओतू नका. त्यातल्या ईडीटीए या रसायनाने धरलेलं तांबं चुन्याने खाली बसत नाही आणि सांडपाण्याची सगळी टाकी बिघडते. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात तांब्याची मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम आहे, आणि नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींचा उतार शेवटी गोदावरीकडेच जातो. या द्रावणाचा ड्रम वेगळा ठेवा, त्यावर तारीख लिहा.